बंबवाल्यांच्या झोपेचा हिशेब मांडणाऱ्यांसाठी

सध्या एक मजकूर हातोहात पुढे ढकलला जातोय. त्याचं म्हणणं, अग्निशमन दलाचे जवान म्हणजे जगातले सर्वांत निवांत पगारदार. चोवीस तासांच्या पाळीतले बहुतेक तास झोपेत आणि टीव्हीपुढे. वर्दी, म्हणजे मदतीची हाक, आली की आधी कपडे घालत बसतात. पोचले की आत शिरायचं सोडून बाहेर उभे राहून चर्चा करतात, मग धडाधड खिडक्या फोडतात. पाच मिनिटांत टाकी रिकामी. साध्या गजरालाही दोन-तीन गाड्या धावतात, आणि आग विझल्यावरही तास-दोन तास सगळे तिथेच रेंगाळतात. शेवटी उपाय दिलाय: आगी कमी झाल्यात, माणसं निम्मी करा.

लिहिणाऱ्याचं निरीक्षण बरं आहे. यातल्या बहुतेक गोष्टी रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला खरंच दिसतात. घोळ आहे तो त्यांचा अर्थ लावण्यात.

झोपतात का? हो, झोपतात. रात्री वर्दी नसेल तर केंद्रातल्या पलंगांवर माणसं आडवी होतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पाळीची सुरुवात पलंगावर होत नाही. आधीच्या तुकडीकडून गाडी ताब्यात घ्यायची असते. टाकी भरलेली आहे ना, पंप दाब धरतोय ना, धुरात शिरताना पाठीवर घ्यायच्या श्वसनयंत्राच्या प्रत्येक हवेच्या सिलिंडरचा काटा कुठे आहे, मास्क चेहऱ्याला नीट बसतोय की कडेने हवा जातेय, पत्रा-लोखंड कापायचा कटर पहिल्या झटक्यात सुरू होतो की नाही, हे सगळं हाताने तपासायचं. त्यानंतर कवायत, इमारतींची पाहणी, आणि मधूनमधून वर्द्या. या वर्द्या म्हणजे आगीच असतात असं मजकूर धरून चालतो. अमेरिकेची आकडेवारी पाहिली तर तिथल्या दलांना येणाऱ्या वर्द्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश वैद्यकीय मदतीच्या असतात, प्रत्यक्ष आगी शेकडा चारच्या आसपास. उरलेल्यांत चेपलेल्या गाड्यांतून माणसं काढणं, बंद पडलेल्या लिफ्ट, वायुगळती, कोसळलेली झाडं. आगी घटल्या म्हणून माणसं घटवा, हा उपाय या हिशेबातच बुडतो.

निवांतपणाबद्दल आणखी एक. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकी जवानांच्या कामावरच्या हृदयविकाराच्या मृत्यूंचा अभ्यास आला. आग विझवण्यात त्यांचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, पण असे ३२ टक्के मृत्यू नेमके त्याच कामात झालेले होते. नुसतं वर्दीला निघण्यातही धोका एरवीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. गाढ झोपेतून गजराने उठून काही क्षणांत पळायला लागणं म्हणजे काय, हे त्या आकड्यांवरून कळतं.

आता कपडे. केंद्रात गाडीशेजारी बूट उभे केलेले दिसतात, आणि विजारीचे पाय त्या बुटांवर आधीच चढवून खाली दुमडून ठेवलेले असतात. दोन पाय आत घालायचे, विजार वर ओढायची, पट्टे खांद्यावर टाकायचे, की अर्धं काम झालं. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेच्या ‘एनएफपीए १७१०’ या मानकाप्रमाणे आगीच्या वर्दीला तयार होऊन निघायला ८० सेकंद आणि पहिली गाडी पोचायला ४ मिनिटं धरलेली आहेत. दिवसभर अंगात घालूनच का बसत नाहीत, असंही मजकुरात विचारलंय. हा पोशाख बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तशी अंगातली बाहेरही जाऊ देत नाही. तो घालून बसून राहिलेला माणूस वर्दी यायच्या आधीच घामाने निथळून थकलेला असेल. आणि धावत्या गाडीत उभं राहून विजार चढवणारा जवान वळणावर कुठे फेकला जाईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

उशीर होतो ही तक्रार मात्र पोकळ नाही. अमेरिकेतल्या ‘यूएल’ या चाचणी संस्थेने दोन खोल्या पेटवून पाहिल्या, एक जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या सामानाची आणि एक आजच्या फोम-प्लॅस्टिकच्या सामानाची. जुनी खोली संपूर्ण भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. नवी पाच मिनिटांच्या आत भडकली. म्हणजे मानकातली चार मिनिटं काटेकोर पाळली तरी, फोन करायला गेलेला वेळ जमेस धरता, खोली हातची गेलेली असू शकते. भांडायचं तर केंद्रं किती अंतरावर आहेत, रस्ते मोकळे आहेत का, घरात धुराचा गजर आहे का, यावर भांडावं. बुटांवर नको.

‘बाहेर उभं राहून गप्पा’ हा मला मजकुरातला सर्वांत अन्यायाचा मुद्दा वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

गाडी थांबल्यावर अधिकारी इमारतीला चक्कर मारतो. धूर कुठून येतोय, त्याचा रंग कसा, तो सावकाश निघतोय की दाबाने, फटींतून आत-बाहेर होतोय का, हे तो पाहत असतो. त्याच वेळी घरच्यांना विचारणं चालू असतं: आत कोण आहे, शेवटचं कुठे पाहिलं, वीज तोडली का, गॅसचे सिलिंडर कुठे आहेत. रस्त्यावरून ही चर्चा वाटते. आत जायचं कुठून आणि जायचं की नाही, हे त्यातूनच ठरतं. शिवाय अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमात स्पष्ट म्हटलंय की दोघे आत जाणार असतील तर किमान दोघे सज्ज होऊन बाहेर हवेत. आतले अडकले तर त्यांना काढणार कोण? कुणी आत अडकलंय हे माहीत असेल तर चौघं जमायची वाट न पाहता सुटका सुरू करायची मोकळीक त्याच नियमात आहे.

बाहेर एक जण पाटी घेऊन उभा दिसतो, तो तर हमखास रिकामटेकडा वाटतो. आत जाणारा प्रत्येक जण आपल्या श्वसनयंत्राचा बिल्ला त्या पाटीवर अडकवून जातो, आणि हा माणूस शेजारी वेळ आणि सिलिंडरचा दाब लिहितो. सहा-सात लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारच्या दाबाने (बार हे दाबाचं माप) साधारण २००० लिटर हवा मावते. स्वस्थ बसलेल्या माणसाला ती बराच वेळ पुरेल. पण अंगावर पोशाख, हातात पाण्याने भरलेला होज, म्हणजे जाड नळी, आणि समोर काळोख असताना माणूस मिनिटाला साठ लिटर किंवा त्याहून जास्त ओढतो. दाब ५० बारच्या आसपास उतरला की यंत्राची शिट्टी वाजते, आणि परतीची वाट तोवर झालेली हवी. सगळं मिळून हातात अर्धा तासही नसतो. पाटीवाला ती मिनिटं मोजत असतो, कारण धुरात गुडघ्यांवर सरपटणाऱ्याला वेळेचं भान राहत नाही.

खिडक्यांच्या बाबतीत मजकूर अर्धा बरोबर आहे आणि त्याचा त्यालाच पत्ता नाही. बंद खोलीतला काळा धूर म्हणजे न जळलेलं इंधन. छताखाली तो ५००-६०० अंशांपर्यंत तापला की खोलीतली प्रत्येक वस्तू जवळपास एकदमच पेटते. तो बाहेर काढला तर आतल्या माणसाला दिसू लागतं, श्वास घेता येतो, उष्णता उतरते. पण पाण्याची तयारी नसताना काच फोडली तर आत फक्त हवा जाते, आणि दबून बसलेली आग उसळते. म्हणून कोणती खिडकी, कोणत्या बाजूची आणि नेमकी कधी, हे आत नोझल, म्हणजे होजचं तोंड, धरलेल्या माणसाशी वायरलेसवर बोलून ठरवायचं असतं. चुकीच्या क्षणी फोडलेली काच हा दलाचाही दोष असू शकतो. बघ्यांपैकी कुणी मदत म्हणून दार सताड उघडून ठेवतो, तेही तितकंच घातक. बाहेर पडताना दार ओढून घेतलं तर मागची आग हवेवाचून बराच वेळ रखडते.

पाण्याचा हिशेब मजकुराने अचूक केलाय. टाकीत २००० लिटर आणि होजमधून मिनिटाला चार-पाचशे लिटर, म्हणजे चार-पाच मिनिटं. टाकी असते ती सुरुवातीच्या माऱ्यासाठी. तोवर दुसऱ्या गाडीची माणसं हायड्रंटवरून, म्हणजे आगीसाठी ठेवलेल्या पाण्याच्या जोडणीवरून, लाइन ओढत असतात. आणि एका लिटर पाण्याची वाफ होताना ती सुमारे १७०० पट फुगते, त्यामुळे थोडकं पाणी नेमक्या जागी पडलं तर बरंच काम करतं.

साध्या गजराला इतक्या गाड्या का? इंग्लंडमध्ये दल धावून जातं त्यातल्या सुमारे ४० टक्के घटना खोट्या गजराच्या निघतात. वैताग आहे खरा, आणि तो सर्वांत जास्त त्या जवानांना येतो. पण कोणता गजर खोटा, हे पोचल्यावरच कळतं. जास्तीच्या गाड्या अर्ध्या वाटेवरून परत बोलावता येतात. न पाठवलेल्या गाडीची मिनिटं मात्र परत मिळत नाहीत.

राहिला रेंगाळण्याचा आरोप. ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणजे आग विझली असं नाही. भिंतीच्या पोकळीत, फॉल्स सीलिंगच्या वर, गादीच्या पोटात ती धुमसत राहते आणि काही तासांनी पुन्हा पेटते. म्हणून उष्णता दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याने भिंती तपासायच्या, तापलेली जागा दिसली की पॅनेल उचकटायचं, आत पाणी मारायचं, ढिगारा उलथायचा. बातम्यांत ‘कूलिंग सुरू आहे’ म्हणतात ते हे. घरमालकाला यात नुकसान दिसतं, आणि कधी कधी पाण्याने आगीपेक्षा जास्त वाटोळं होतं, हेही खरं. पण अर्धवट सोडलेल्या घराला पहाटे दुसऱ्यांदा वर्दी आली, तर पहिल्या तुकडीला शिव्या घालणारे हेच लोक असतील.

केंद्रावर परतल्यावरही पलंग लगेच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामाला निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यामुळे पोशाखावरची काजळी झटकून कपाटात टाकणं आता चालत नाही, तो धुवायला काढावा लागतो. ओले होज बदलायचे, सिलिंडर भरायचे, टाकी भरायची, मास्क पुसून पुन्हा तपासायचे. हे सगळं झाल्यावर नियंत्रण कक्षाला कळवायचं की गाडी पुढच्या वर्दीला तयार आहे. मजकुरात ‘दोन तास गाडी बेपत्ता’ म्हणून जो वेळ मोजलाय, त्यातला बराचसा इथे गेलेला असतो.