‘एकदा कॅलिब्रेट करा आणि विसरा’ हा सल्ला कोरलच्या जिवावर बेततो

घरी रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचा मथितार्थ असा: डोसिंग पंप (बाटलीतलं द्रावण नळीतून ठरलेल्या प्रमाणात टँकमध्ये सोडणारा पंप) एकदा नीट कॅलिब्रेट केला, म्हणजे प्रत्यक्ष मोजून जुळवून घेतला, की वर्षभर हात लावायला नको, किती मिली गेलं ते ॲपवर दिसतंच, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, ज्यातून कोरल आपला सांगाडा बांधतात) घसरली तर डोस वाढवा, नळी तुंबली तर पंप ती स्वतःच मोकळी करतो, आणि गावाला खुशाल जा. नवख्या माणसाला हे वाचून फार धीर येतो. म्हणूनच यातला एकेक दावा तपासायला हवा.

पहिला दावा कॅलिब्रेशन टिकतं हा. घरगुती डोसिंग पंप बहुतेक पेरिस्टाल्टिक असतात. रोलर फिरताना मऊ नळी चेपत जातात आणि त्यांच्यामध्ये अडकलेला द्रव पुढे सरकतो. म्हणजे एका फेरीत किती द्रव जाणार हे नळीच्या आतल्या व्यासावर आणि दाब सुटल्यावर ती पुन्हा किती फुगते यावर ठरतं. त्याच जागी हजारो वेळा चेपलेली नळी हळूहळू चपटीच राहू लागते. फेऱ्या तेवढ्याच, द्रव मात्र कमी. स्टेपर मोटरचे (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरचे) महागडे पंप वेग अचूक राखतात हे खरं, पण नळी त्यांचीही थकते.

ॲपवरचा आकडा इथे उपयोगी पडत नाही, कारण बहुतेक पंपांत तो मोटर किती फिरली यावरून काढलेला असतो. द्रव प्रत्यक्ष कोणी मोजलेला नसतो. बाटली रिकामी झाली तरी असा पंप ‘४० मिली दिले’ असंच सांगणार. खरं मोजमाप दोन साध्या गोष्टींनी होतं. बाटलीवर चिकटपट्टी लावून पातळी आणि तारीख लिहा. रोज ४० मिली जात असतील तर आठवड्यात २८० मिली उतरायला हवेत. आणि महिन्यातून एकदा नळीचं टोक मोजपात्रात धरून डोस मोजा. फरक पाच टक्क्यांच्या वर गेला की पुन्हा कॅलिब्रेट करा, तेही त्याच द्रवाने आणि नळीचं टोक नेहमीच्या उंचीवर ठेवून.

‘अल्कलिनिटी घसरली तर डोस वाढवा’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. समजा टँकमध्ये १०० लिटर पाणी आहे आणि कोरल दिवसाला १ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचं एकक) वापरतात. तेवढं भरून काढायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. नळी थकून डोस २० टक्के कमी पडू लागला तर रोज ०.२ डीकेएचची तूट. दहा दिवसांत ८.५ वरून साडेसहाच्या आसपास. मालकाला वाटतं कोरल वाढले, खप वाढला. तो ॲपमध्ये डोस सव्वापट करतो आणि आकडा स्थिरावतो. पुढे कधीतरी नळी बदलली जाते, पण डोस सव्वापटच राहतो. आता रोज पाव डीकेएच जास्त. पोषक द्रव्यं कमी असलेल्या टँकमध्ये अल्कलिनिटी अशी चढली की ॲक्रोपोरा या फांद्यांसारख्या कोरलची टोकं जळतात. म्हणून आकडा घसरला की आधी पंप मोजा, मग अल्कलिनिटीची टेस्ट पुन्हा करा, आणि दोन्ही बरोबर असतील तरच डोसला हात लावा. टेस्ट आठवड्यातून एकदा तरी हवी आणि दर खेपेला दिवसाच्या एकाच वेळी हवी, कारण दिवसभरात अल्कलिनिटी थोडी खालीवर होतेच.

थकलेल्या नळीचा आणखी एक धोका आहे. रोलर तिला पूर्ण बंद करू शकत नाहीत. बाटलीतली पातळी नळीच्या टोकापेक्षा वर असेल, तर सायफन सुरू होऊन अख्खी बाटली टँकमध्ये उतरू शकते. टोक नेहमी टँकच्या पाण्याच्या वर आणि बाटलीतल्या पातळीपेक्षाही उंच ठेवा.

नळी आपोआप मोकळी होते, हेही चूक. अल्कलिनिटीचं द्रावण सोडणाऱ्या नळीच्या टोकावर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडून पांढरी टोपी जमते. चुन्याची निवळी देत असाल तर ती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन नळीतच कॅल्शियम कार्बोनेट साचवते. अशा वेळी पंप जोर लावतो आणि नळी आतल्या जोडातून निसटू शकते. कॅल्शियमसाठी दिलं जाणारं कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल शोषून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात सांडलेला थेंब वाळतच नाही आणि मोटरचे धातूचे भाग गंजत राहतात. टोक काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा, आरओच्या पाण्याने धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

राहिला गावाला जाण्याचा मुद्दा. काही पंपांचं घड्याळ वीज गेली की पुसलं जातं, तेव्हा निघण्याआधी प्लग काढून पुन्हा लावून वेळापत्रक टिकतं का ते बघा. गणपतीला दहा दिवस कोकणात जाणार असाल तर नळी आदल्या दिवशी बदलू नका. नवी नळी सुरुवातीचे काही दिवस सैलावत असते. दोन-तीन आठवडे आधी बदला, आठवड्याने पुन्हा मोजा, आणि बाटलीत गरजेपुरताच द्रव ठेवा, म्हणजे सायफन लागलाच तरी टँकमध्ये जाणारं प्रमाण मर्यादित राहील.