त्या कागदावर एकटीनं सही करू नका

एप्रिलात आमच्या ग्रंथालयाची साठा पडताळणी झाली आणि ३१ पुस्तकं सापडली नाहीत. ऑफिसात बोलावून कागद पुढे केला, "पगारातून कापून घेऊ, सही करा." मी कंत्राटावरची ग्रंथपाल, जूनमध्ये कराराचं नूतनीकरण. केली सही. कदंब बसमधून घरी येताना रडू आवरत नव्हतं.

महिन्याभरानं काणकोणच्या ग्रंथपाल मैत्रिणीकडून कळलं, तिचेही पैसे असेच कापले होते. लाजेनं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चोरी आम्ही केली नाही, तरी लाज आम्हालाच!

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला २१५ वा नियम वाचा. वर्षभरात देवघेवीत किंवा वाचनासाठी हाताळलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ गहाळ झाली, आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल, तर ते नुकसान वाजवी धरता येतं. दुर्मिळ किंवा १,००० रुपयांहून महाग पुस्तक गेलं तर चौकशी होते, ती व्हायलाच हवी. माझ्याकडे वर्षाला ८,००० च्या वर देवघेव होते. हिशेब तुम्हीच करा. खासगी संस्थेला हा नियम थेट लागू नाही, असं मला सांगतील. कबूल. म्हणून तर तो करारात लिहून घ्यायला हवा, आणि ते एकटीच्या हातचं काम नाही.

शिक्षक स्टाफरूममध्ये २० असतात, ग्रंथपाल बहुतेक ठिकाणी एकच. मे महिन्याची सुट्टी मागितली की आम्ही 'नॉन-टीचिंग', जादा तासांचं विचारलं की 'शैक्षणिक'. गोव्यातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली शिक्षक 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत असं ठरवलं. तोच निकाल आम्हालाही ऐकवतात. वर्गीकरण, नोंदणी, देवघेव हे तांत्रिक आणि कारकुनी काम आहे, हे मांडायला आमच्या बाजूनं कुणी उभंच नसतं.

१२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीला, शाल-श्रीफळ मिळतं. भाषणांत पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाची १८३२ पासूनची परंपरा येते, १९९३ चा ग्रंथालय कायदा येतो. मलाही त्याचा अभिमान आहे. पण पगाराचा 'प' कुणी काढत नाही. आता वाटाघाटीला बसणारी नोंदणीकृत संघटना हवी. नोंदणीच्या अर्जावर ७ सदस्यांच्या सह्या पुरतात. पण अर्जाच्या दिवशीच एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यांतल्या कमी आकड्याइतके सदस्य असायला हवेत. एवढे आपण नक्की आहोत.

पेडण्यापासून काणकोणापर्यंत जे कंत्राटावर आहेत, त्यांनी करारपत्रातली सुट्टीची आणि हरवलेल्या पुस्तकांची कलमं मला इनबॉक्समध्ये पाठवा. पहिल्या बैठकीआधी सगळी शेजारी शेजारी ठेवून वाचायची आहेत.