तळहातावरचा ऑक्टोपस

सकाळपासून एकच व्हिडिओ तीन जणांनी पाठवला, तिघांनीही सोबत बदाम टाकून. गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक माणूस, पसरलेला तळहात आणि त्यावर लिंबाएवढ्या अंगाचा पिवळट ऑक्टोपस. माणूस खुशीत हसतोय. ऑक्टोपस बोटांच्या फटीतून निसटायला बघतोय. आठव्या-नवव्या सेकंदाला त्याच्या अंगावर निळी वर्तुळं पेटतात, इतकी निळी की कुणीतरी वरून रंग भरलाय असं वाटावं. मग "वाऽऽ" ऐकू येतं आणि कॅमेरा आणखी जवळ जातो. खाली कमेंट काय, तर "किती गोड!" आणि "घरी पाळता येतो का हो?"

गोड. बरं.

ती वर्तुळं एरवी नीट दिसतसुद्धा नाहीत, कातडीच्या घड्यांमध्ये मिटलेली असतात. प्राणी बिथरला की घडी आवळून धरणारे स्नायू सैल होतात, कडेचे स्नायू ताणले जातात आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पन्नास-साठ वर्तुळं उघडी पडतात. याचा अर्थ एकच : सोड मला. म्हणजे ज्या क्षणाला सगळ्यांनी बदाम टाकले, तो त्या जिवाने दिलेला इशारा होता. आणि ऑक्टोपसचं तोंड कुठे असतं माहितीये? आठ हातांच्या मधोमध, खालच्या अंगाला, पोपटाच्या चोचीसारखं. तळहातावर घेतला की ती चोच थेट तुमच्या कातडीवर टेकते. हा बाबा त्याला गोंजारत नव्हता, स्वतःचा हात त्याच्या तोंडाला लावून उभा होता.

निळ्या वर्तुळांच्या या ऑक्टोपसच्या लाळेत टेट्रोडोटॉक्सिन असतं. अंग फुगवणाऱ्या पफर माशात असतं तेच. मज्जातंतूतून संदेश पुढे जायचा तर सोडियमच्या बारीक वाटा उघडाव्या लागतात, आणि हे विष नेमकं त्या वाटांच्या तोंडाशी बूच होऊन बसतं. आधी ओठ आणि जीभ बधिर. मग शब्द अडखळतात, पापण्या उचलत नाहीत, हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. यावर प्रतिविष नाही. आणि चावा? बहुतेक वेळा दुखत नाही. कित्येकांना चावल्याचं कळतही नाही.

माझा सगळा संताप या शेवटच्या वाक्यावर आहे. आपण जन्मभर दुखण्यावरून धोका मोजतो. जास्त दुखलं म्हणजे गंभीर, थोडं दुखलं तर चालतंय. जमिनीवर हे माप बऱ्यापैकी चालतं (तिथेही नेहमी नाही, मण्यार चावलेल्या माणसाला विचारा). समुद्रात ते साफ मोडतं. दगडासारख्या दिसणाऱ्या स्टोनफिश माशाचा काटा पायात गेला की धडधाकट माणूस गडाबडा लोळतो, पण सहसा वाचतो. आणि हे तळहातावरचं लिंबू दुखवत नाही.

हो, या ऑक्टोपसने माणूस दगावल्याच्या पक्क्या नोंदी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मान्य. पण त्या का कमी आहेत? तो लाजरा आहे, रात्री फिरतो, दिवसा खडकाच्या फटीत किंवा रिकाम्या शिंपल्यात बसतो आणि माणसाच्या वाटेला जात नाही. १९५४ साली ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ एका तरुण खलाशाने सोबत्याने पकडलेला असाच एक छोटा ऑक्टोपस अंगाखांद्यावर फिरू दिला. काही तासांत तो गेला. तेव्हा हा प्राणी एवढा जहरी असेल असं कुणाच्या गावीही नव्हतं, त्यामुळे त्याला दोष देववत नाही. व्हिडिओतल्या माणसाच्या हातात मात्र फोन होता.

चावलाच तर काय करायचं, हे त्या दोनशे कमेंटमध्ये एकानेही लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. माणसाला आडवा करा, चालवू नका. दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीचं ताणाचं बँडेज आधी चाव्यावर आणि मग बोटांपासून वर संपूर्ण हाताला किंवा पायाला गुंडाळा, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तेवढं घट्ट. फळी किंवा काठी लावून तो अवयव हलणार नाही असा बांधा. नाडा आवळून रक्त तोडायचं नाही, कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. श्वास थांबला की तोंडाने श्वास द्यायला लागा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. विष शरीरातून आपोआप उतरतं, साधारण दिवसभरात. तेवढा वेळ कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घेतला, माणसाने किंवा यंत्राने, तर तो उठून बसतो. आणि एक. त्याच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतील, पापणी हलत नसेल, हाक मारली तर ओ मिळणार नाही. तरी त्याला ऐकू येत असू शकतं, तो आत जागा असू शकतो. त्याच्या उशाशी बसून "गेला रे" म्हणू नका.

आता त्या कमेंटमधले धन्वंतरी. एकाने लिहिलंय : "समुद्रात काहीही चावलं तर त्यावर लघवी करायची, जालीम उपाय." एकशे चाळीस लाइक! अहो, "काहीही" असा प्राणी समुद्रात नाही. ऑक्टोपसला लागणारं घट्ट बँडेज जेलीफिशच्या डंखावर बांधलं तर उरलेल्या डंखपेशी दाबाने फुटू शकतात. माशाच्या काट्यावर बांधलं तर विष एकाच जागी कोंडून तिथलं मांस सडायचा धोका वाढतो. एकाचा उतारा दुसऱ्याला बाधतो, इतकं साधं आहे हे.

जेलीफिशचं घ्या. तिच्या लांब धाग्यांवर लाखो डंखपेशी असतात. प्रत्येक पेशी म्हणजे दाबाने भरलेली कुपी, आत गुंडाळी करून ठेवलेली पोकळ नळी, आणि स्पर्श झाला की ती नळी उलटून बाहेर येते आणि कातडीत घुसते. प्राणिजगतातल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक. धागा कातडीला चिकटला तेव्हा यातल्या थोड्याच पेशी फुटलेल्या असतात, बाकीच्या भरलेल्याच असतात. त्यावर गोडं पाणी ओतलं की आतबाहेरचा क्षारांचा तोल बिघडून त्या फुटू लागतात. लघवीचंही तेच, शिवाय तिच्यात काय किती आहे याचा भरवसा नाही. वाळू चोळली, टॉवेलने पुसलं की आणखी फुटतात. थोडक्यात, घाबरलेला माणूस पहिल्या मिनिटात जे जे करतो ते सगळं चूक.

बॉक्स जेलीफिश, म्हणजे चौकोनी घंटेसारख्या अंगाची, असेल तर साधं व्हिनेगर, चार ते सहा टक्के ॲसिटिक ॲसिडचं, निदान तीस सेकंद ओतायचं. त्याने दुखणं थांबत नाही, फक्त न फुटलेल्या पेशी निकामी होतात. मगच चिमट्याने धागे उचलायचे. व्हिनेगरमुळे आधीच फुटलेल्या पेशींतून जास्त विष पिळलं जातं, असाही एक आक्षेप आहे, आणि निळ्या फुग्यासारख्या तरंगणाऱ्या फायसेलियावर ते वापरावं की नाही यावर जाणकारांचंच एकमत नाही. असू दे. लघवीवर मात्र आहे, आणि ते नको म्हणूनच आहे. फायसेलियाला समुद्राच्याच पाण्याने धुऊन, धागे काढून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरलं तर चांगला उतार पडतो. ती किनाऱ्यावर मरून पडलेली असली तरी डंखते, म्हणून पोरांना तो निळा फुगा पायाने फोडू देऊ नका.

बॉक्स जेलीफिशमधली सगळ्यात भयंकर, कायरोनेक्स फ्लेकेरी, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या पाण्यात असते. घंटेच्या चार कोपऱ्यांतून प्रत्येकी पंधरापर्यंत धागे, एकेक तीन मीटरपर्यंत लांब, आणि अंग पाण्यासारखं पारदर्शक. डंख मोठा असेल तर काही मिनिटांत हृदय थांबू शकतं, आणि थांबलं तर तिथे व्हिनेगर शोधत बसायचं नाही, छाती दाबायला लागायचं. पण मला जास्त धास्ती तिच्या धाकट्या बहिणीची आहे. इरुकांजी. घंटा जेमतेम एक सेंटिमीटर, नखाएवढी. डंख म्हणजे मुंगी चावल्यासारखं काहीतरी, माणूस विसरूनही जातो. अर्ध्या तासाने कंबर धरते, घाम फुटतो, उलट्या सुरू होतात, रक्तदाब चढत जातो आणि रोग्याला ठाम वाटू लागतं की आपण आता मरणार. ही भीती त्या आजाराच्या लक्षणांमध्येच मोडते. आजार इतका गूढ होता की १९६१ साली जॅक बार्न्स नावाच्या डॉक्टरने ही जेलीफिश पकडून स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला मुद्दाम डंख करून घेतला. तिघेही इस्पितळात. शास्त्राचं भलं झालं हे कबूल, पण नऊ वर्षांचं पोर? असो. त्या जेलीफिशच्या नावात आज बार्न्स आहे.

पुन्हा तेच बघा. मुंगीएवढं दुखलं. तळहातावरच्या ऑक्टोपसने तेवढंही नसतं दुखवलं.

काट्याच्या माशांचं गणित उलटं. स्टोनफिशच्या पाठीवर तेरा काटे असतात, प्रत्येकाला दोन विषाच्या पिशव्या. तो हल्ला करत नाही, शेवाळलेल्या दगडासारखा पडून राहतो. वजन पडलं की काट्यावरचं आवरण मागे सरतं आणि पिशव्या दाबल्या जातात, म्हणजे जेवढा जोरात पाय तेवढं जास्त विष. पातळ तळव्याची चप्पल काही कामाची नाही. याचं विष उष्णतेने मोडतं, म्हणून इथे गरम पाणी : सुमारे पंचेचाळीस अंश, अर्धा ते दीड तास. पाणी दुसऱ्या, बऱ्या पायाने तपासा. दुखऱ्या पायाला ठणक्यापुढे चटका कळत नाही, आणि विषातून वाचलेली माणसं मग भाजल्याचे फोड घेऊन डॉक्टरकडे जातात. बर्फ नको. पाकटाच्या, म्हणजे स्टिंगरे या चपट्या माशाच्या, शेपटीवरच्या नांगीलाही हाच उपाय, फक्त ती छातीत, पोटात किंवा मानेत रुतली असेल तर हात लावायचा नाही, आहे तशी ठेवून इस्पितळ गाठायचं. उपटली तर तिचे करवती दात येताना आणखी फाडतात आणि अडून राहिलेलं रक्त मोकळं होतं. स्टीव्ह आयर्विन २००६ च्या ४ सप्टेंबरला गेला तो छातीतल्या अशाच घावाने. आयुष्यभर मगरी हाताळलेला माणूस. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा तळाला घासत, फरपटत पुढे सरका. पाकटाला हादरा कळतो आणि ते निघून जातं. स्टोनफिश काही हलत नाही, पण निदान त्याच्या पाठीवर वरून पाय तरी पडत नाही.

शंख वेचणाऱ्यांसाठीही दोन शब्द, कारण तिथेही "किती सुंदर" हेच सुरू असतं. कोन स्नेल, म्हणजे शंकूच्या आकाराचे, नक्षीचे शंख. आत जिवंत गोगलगाय असेल तर तिच्याकडे पोकळ भाल्यासारखा विषारी दात असतो, लवचिक सोंडेच्या टोकाला धरलेला. "रुंद बाजूने धरलं की काही होत नाही" ही थाप आहे, सोंड शंखाच्या कुठल्याही भागापर्यंत वळते. पातळ हातमोजाही भेदते. यातली कोनस जिओग्राफस सगळ्यात घातक, तिला प्रतिविष नाही, आणि तिथेही बँडेज आणि श्वास हेच उपाय. याच कुळातल्या दुसऱ्या एका गोगलगायीच्या विषावरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झालं, अमेरिकेत २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली, कण्याभोवतीच्या द्रवात पंपाने सोडतात. ज्यांना मॉर्फिनही पुरत नाही त्यांच्यासाठी.

एवढं लिहून राग जरा उतरलाय. यातला एकही जीव माणसाच्या मागे लागत नाही, हेही सांगायलाच हवं. त्या ऑक्टोपसची मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, ती हातांखाली कवटाळून बसते, तेवढे दिवस अन्नाला शिवत नाही आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. व्हिडिओतली मादी होती की नर, मला ओळखता आलं नाही. अंडी दिसली नाहीत एवढं खरं.

संध्याकाळी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. शेवटी माणूस हात पाण्यात बुडवतो. ऑक्टोपस सुटतो, तळाला टेकतो, निळी वर्तुळं एकेक करून मिटतात आणि अंग वाळूच्या रंगाचं होतं. कॅमेरा त्याला शोधत राहतो, सापडत नाही. चौकटीत नुसतं ढवळलेलं पाणी, आणि त्यात त्या माणसाचे दोन पाय, अनवाणी.