‘फुकट्यांचं लंडन’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

लंडनमध्ये पैसे न खर्चता काय काय बघता येतं, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर ‘एक प्रवासी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा देते : “विमानाला आणि व्हिसाला लाखभर रुपये घालायचे आणि तिथे जाऊन फुकट्यासारखं हिंडायचं, याला लंडन बघणं म्हणत नाहीत. ऐपत नसेल तर घरी बसावं.” त्यापुढे आणखी चार गोष्टी आहेत. डबा घेऊन बागेत बसणं शोभत नाही, वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चला एरवी तिकीट असताना तिथे प्रार्थनेच्या नावाखाली शिरणं ही लबाडी आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये आपलीच लूट मांडलेली असताना तिचं कौतुक कसलं करता, आणि म्युझियमच्या कॅफेत चहा केवढ्याला पडतो हे मी सांगितलं नाही.

चहाचं तुमचं बरोबर आहे. तिथला चहा महागच असतो.

आता त्या ‘फुकट्या’ शब्दाबद्दल. मुद्दा पटला नाही तर तसं लिहावं, मी कधीही कुणाची प्रतिक्रिया अडवलेली नाही. पण अनोळखी बाईला आणि तिचा लेख वाचून धन्यवाद देणाऱ्या वाचकांना एका दमात फुकटे ठरवायचं, वर ‘घरी बसावं’ असा सल्ला द्यायचा, ही कुठली रीत? त्या लेखाखाली एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं होतं की मुलीच्या बाळंतपणासाठी त्या लंडनला येणार आहेत आणि दुपारचे दोन-तीन तास मोकळे मिळतील तेव्हा कुठे जाता येईल. तुमची प्रतिक्रिया नेमकी त्यांच्याखाली आली. त्यांनी ती वाचली असणार याचं मला जास्त वाईट वाटलं.

फुकटेपणा म्हणजे काय हे मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर इस्लामपूर-सांगलीच्या रस्त्यावर त्यांनी तिकिटं फाडली. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी कधी बिनतिकीट बसू दिलं नाही, त्यावरून घरात झालेला अबोला मी पाहिला आहे. तेच वडील निवृत्तीनंतर आमच्याकडे लंडनला आले आणि मी त्यांना पूर्व लंडनमधल्या वुलिचला, थेम्स नदीवरच्या फेरीबोटीवर नेलं. नदी ओलांडायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ ते एका हाताने कठडा धरून आणि दुसरा हात शर्टाच्या खिशावर ठेवून उभे होते. खिशात मी दिलेली नाणी होती. बोटीवरचा माणूस दोरखंड सोडवून शेजारून गेला, की यांचा हात खिशात. पैलतीर आला तरी कुणी तिकीट मागेना, तेव्हा मला म्हणाले, “अगं, उतरायच्या आधी दे त्याला पैसे, बरं दिसत नाही.” मी सांगितलं की इथे तिकीटच नाही, १८८९ सालापासून नाही. त्यांना ते खरंच वाटेना.

म्हणून मी त्यांना त्यामागची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते, कारण तुमच्या त्या एका वाक्याचं उत्तर तिच्यात आहे. लंडनच्या पश्चिम भागातल्या थेम्सवरच्या बऱ्याच पुलांना पूर्वी टोल होता. १८७७च्या कायद्याने सार्वजनिक पैशातून ते पूल ताब्यात घेऊन टोल उठवायला सुरुवात झाली. हा पैसा साऱ्या शहराच्या करातून आला, म्हणजे पूर्वेकडच्या गोदीत आणि कारखान्यांत राबणाऱ्यांच्या करातूनही. पण त्यांच्या बाजूला तेव्हा नदीवर पूलच नव्हता, टॉवर ब्रिज १८९४चा. मग पूर्वेकडच्या लोकांनी विचारलं, की तुमचे पूल आमच्या पैशाने मोकळे झाले, आमच्या नदीचं काय? त्यातून ही मोफत बोट आली. याला तुम्ही फुकटेपणा म्हणणार? हक्काने मागून घेतलेली वस्तू आहे ती.

जे बोटीचं तेच म्युझियमचं. ब्रिटिश म्युझियमचा कायदा १७५३चा, दार उघडलं १७५९ साली, आणि तेव्हापासूनच ते जिज्ञासू माणसाला मोफत ठेवायचं ठरलेलं. नॅशनल गॅलरीची ट्रफाल्गर चौकातली इमारत १८३८ साली लोकांसाठी उघडली. ती जागा धरली गेली त्याचं एक कारण असं, की पश्चिमेकडच्या श्रीमंतांना बग्गीतून आणि पूर्वेकडच्या गरिबांना पायी तिथे येता यावं. पुढे १८५०च्या दशकात शहराच्या धुराने आणि गर्दीने चित्रं खराब होतात म्हणून गॅलरी दूर हलवायची चर्चा झाली. तरी ती तिथेच ठेवली, लोकांच्या पायवाटेवर. आणि हे सगळं आपोआप टिकलं असंही नाही. १९८०च्या दशकात नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियमने तिकीट लावलं होतं. ते निघायला डिसेंबर २००१ उजाडावा लागला. ज्या गोष्टीसाठी तिथल्या लोकांनी इतकी वर्षं वाद घातले, ती आपण उपभोगली तर आपण भिकारी कसे ठरतो?

मी या देशात आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आले. नोकरी नव्हती. नवऱ्याचा पगार घरभाड्यात आणि शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यात जायचा. तुमच्या हिशेबाने मी ‘ऐपत नसलेली’च. बसच्या पासावर ट्रफाल्गर चौकात उतरायचं आणि गॅलरीत जायचं, हा माझा त्या काळातला विरंगुळा. तिथे यान व्हॅन आयकचं १४३४ सालचं एक चित्र आहे, आर्नोल्फिनी जोडप्याचं. पहिल्यांदा मला त्यात फक्त हिरव्या झग्यातली बाई दिसली. पुन्हा कधीतरी मागच्या भिंतीवरचा गोल आरसा दिसला, त्यात त्या दोघांच्या पाठी आणि दारात उभी असलेली आणखी दोन माणसं. आरशाच्या चौकटीत नखाएवढी गोल चित्रं आहेत, ख्रिस्ताच्या यातनांची. भर दिवसा झुंबरात एकच मेणबत्ती जळते आहे. आणि खिडकीखाली ठेवलेली संत्री तर मला कित्येक दिवस दिसलीच नव्हती. त्या काळी उत्तर युरोपात संत्री म्हणजे श्रीमंती थाट. एका चित्रासमोर पंधरा मिनिटं उभं राहून, बाकी काहीही न बघता बाहेर पडता आलं, कारण तिकीट नव्हतं. तिकीट काढलं की माणूस पैसे वसूल करायच्या मागे लागतो. एका दुपारी साठ दालनं तुडवतो आणि संध्याकाळी पाय चेपत बसतो. मी बिनपैशाच्या लंडनबद्दल लिहिते ते पैसे वाचवायला म्हणून नाही, हे लेखात मी सरळ लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं होतं का?

आणखी एक. ऐपतीची भाषा करण्याआधी किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात जाऊन या. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये तिथे राहत होते. आपल्या महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ साली विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे आणि तिथेही तिकीट नाही. पोटाला चिमटा घेऊन राहणारा तो विद्यार्थी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसदिवस बसून वाचत असे. त्या वाचनालयाला फी नव्हती. ‘ऐपत नसेल तर घरी बसावं’ हे वाक्य त्या घराच्या पायरीवर उभं राहून म्हणून दाखवा. मी आवाज चढवला असं वाटत असेल तर वाटू द्या. या वाक्याला मी नरमाईने उत्तर देणार नाही.

राहिलेले मुद्दे थोडक्यात. ॲबीतल्या सायंप्रार्थनेला कुठल्याही धर्माच्या माणसाला बसता येतं, ते स्वतःच तसं जाहीर करतात. तिथे फोटो काढत फिरायचं नसतं, शांत बसून गाणं ऐकायचं असतं, आणि हे मी लेखात बजावलं होतं. यात लबाडी कुठे आली? डब्याचं म्हणाल तर ऊन पडलं की दुपारच्या सुटीत हाइड पार्कच्या गवतावर बघा, सुटाबुटातले साहेबलोक डबे उघडून बसलेले असतात. आपल्या पोळी-भाजीचीच तेवढी लाज का वाटावी?

लुटीचा प्रश्न मोठा आहे, तो एका ओळीत निकालात काढण्याचा नाही, आणि तुम्हीही तो चर्चेला आणला नाही, माझ्या अंगावर फेकला. एवढंच सांगते : अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं (आंध्रातली अमरावती, आपली विदर्भातली नव्हे) त्या म्युझियममध्ये आहेत. ती परत यावीत असं मलाही वाटतं. पण येईपर्यंत आपल्याच शिल्पांपुढे उभं राहायला आपण साहेबाला पैसे मोजावेत, असं तुमचं म्हणणं आहे का? ती बिनतिकीट बघण्यात कमीपणा कसला, हे मला कळत नाही.

त्या निवृत्त शिक्षिकाबाईंना : तुम्ही जरूर जा. दुपारी दोन-तीन तासच असतील तर एकच दालन धरा, गुडघे दुखत असतील तर दालनांत बाकं आहेत, खुशाल बसा. पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये आठवड्यातून काही दिवस दुपारी मोफत वाद्यवादन असतं, दिवस आधी बघून घ्या. नात किंवा नातू झाल्याचं इथे कळवा.

आणि ‘एक प्रवासी’, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. उत्तर द्यायचं असेल तर द्या, पण माझ्या वाचकांना पुन्हा फुकटे म्हणालात तर ती इथे दिसणार नाही.