दोन्ही असलेली बाई

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटला. भाचीच्या ऑफिसात पाळीच्या रजेचं काहीतरी निघालं होतं, तिने सहज विचारलं तुम्हाला सगळ्यांना काय वाटतं, आणि कोणीतरी लगेच तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणींचं ते जुनं उत्तर टाकलं, १३ डिसेंबर २०२३ चं, राज्यसभेतलं. पाळी म्हणजे काही हँडिकॅप नाही, बाईच्या आयुष्याचा नैसर्गिक भाग आहे, त्यासाठी वेगळी पगारी रजा नको, असं त्या म्हणाल्या होत्या. खाली धडाधड अंगठे. मग दुसऱ्या कोणीतरी जुलै २०२४ चं सुप्रीम कोर्टाचं टाकलं, की सक्तीची रजा दिली तर लोक बायकांना नोकरीवरच घेणार नाहीत, हा धोरणाचा विषय आहे, सरकारने बघावं. आणि शेवटी आमच्या वहिनीने लिहिलं, "आता मेनोपॉजचंही तेच करून राहिले लोक. आपल्या आयांनी कधी नाव तरी काढलं होतं का? हे काही अपंगत्व नाही बापा."

वहिनी माझी लाडकी आहे, माझ्या अपघातानंतर तिने माझं काय काय केलंय ते मी विसरणार नाही, आणि तिच्या मनात माझ्याबद्दल वाईट काही नव्हतं हेही मला माहीत आहे. पण ते वाक्य वाचून मी फोन उलटा ठेवला. चार वेळा उत्तर टाइप केलं, चार वेळा पुसलं. ग्रुपवर मावणारं नव्हतं म्हणून इथे लिहिते आहे.

माझं वय ४९. वीस वर्षांपूर्वी वर्धा रोडवर स्कूटीला मागून धडक बसली, मणका टी-५ ला, म्हणजे छातीमागच्या पाचव्या मणक्याशी, गेला. म्हणजे हात चांगले आहेत, छातीखाली काही कळत नाही, व्हीलचेअर. त्यानंतर सहा वर्षं नागपुरातच होते, मग नवऱ्याच्या नोकरीसोबत इंग्लंडला आले. दर दोन वर्षांनी घरी जाते. आणि गेली तीन वर्षं माझा मेनोपॉज, पाळी जायचा काळ, चालू आहे. म्हणजे माझ्याकडे दोन्ही आहे. म्हणून "हे काही अपंगत्व नाही" हे वाक्य मला दोन्ही बाजूंनी लागतं. एक तर त्यात अपंगत्व म्हणजे काहीतरी लाजिरवाणं, त्याच्या जवळपासही आम्हाला उभं करू नका, असा सूर आहे. आणि दुसरं म्हणजे, ज्या बाईला आधीच अपंगत्व आहे तिची पाळी जाते तेव्हा काय होतं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच येत नाही. ग्रुपवर बावीस जण आहेत, त्यातल्या कोणालाही त्या दिवशी मी आठवले नाही.

तर काय होतं ते सांगते.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी नागपूरला होते. नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झालेला, धरमपेठेतल्या घरात कूलर दिवसरात्र चालू, आई दर दोन तासांनी पाणी भरत होती. माझ्या शरीराला छातीखाली घाम येत नाही, मेंदूचा निरोपच तिथे पोचत नाही, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायची सोय फक्त वरच्या भागात आहे. साध्या नागपूरच्या उन्हाळ्यातच माझा ताप १०१ वर जातो, त्यात हॉट फ्लश, मेनोपॉजची ती अंगातून अचानक उसळणारी गरमी, आली की आतून भट्टी आणि बाहेरून भट्टी. ओला पंचा, स्प्रे बाटली, कूलरसमोर खुर्ची, हे मी शिकले आहे.

पण त्या रात्री अडीच वाजता जाग आली ती वेगळी. चेहरा लाल, मानेवरून घामाच्या धारा, आणि डोकं असं ठणकत होतं की डोळे उघडवेनात. आई म्हणाली, "आली तुझी गरमी." मलाही तेच वाटलं. पण सवयीने बीपीचं मशीन लावलं तर १४८/९२.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया नावाचा प्रकार होऊ शकतो. खाली काही त्रास झाला, लघवी तुंबली, पोट साफ झालं नाही, कुठे काही टोचलं, तर ते आपल्याला कळत नाही पण शरीराला कळतं, आणि बीपी एकदम चढतं. चेहरा लाल, वर घाम, प्रचंड डोकेदुखी. खालची चामडी मात्र गार, कधी काटा आलेली. वेळीच कारण दूर केलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, फिट येऊ शकते. आणि आमचं रोजचं बीपीच कमी असतं, माझं ९५/६०. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वर गेलं की धोका धरायचा. म्हणजे १३० हा आकडा दुसऱ्या कोणाला छान आणि मला धोक्याची घंटा.

आता बघा, लाल चेहरा, घाम, धडधड, झोपेतून दचकून उठणं. मेनोपॉजची यादी आणि याची यादी शेजारी ठेवली तर अर्धी तीच आहे.

भाऊ घाबरला, गाडी काढून मला जवळच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला नेलं (नाव नाही लिहीत, तिथला डॉक्टर मुलगा तरुण होता, रात्रपाळीचा, एकटाच होता). त्याने बीपी बघितलं, माझं वय विचारलं, पाळी विचारली, हे मात्र त्याने विचारलं, आणि म्हणाला, "मॅडम, १४८ काही फार नाही, या वयात होतं, टेन्शन घेऊ नका." मी सांगत होते की माझं नेहमीचं ९५ आहे, मला सरळ बसवा, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बघा. मला आडवंच ठेवलं होतं, जे अगदी उलट आहे, बसवायला पाहिजे म्हणजे बीपी थोडं उतरतं. शेवटी आईने स्वतः चादर वर केली आणि म्हणाली, "अगं नळी दबली आहे ना तुझ्या मांडीखाली." नळी सोडवली. बॅग भरायला लागली, भरतच गेली. दहा मिनिटांत १०४. डोकं उतरलं. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, त्याने मग खुर्ची ओढली आणि मला विचारलं, ताई, हे काय होतं ते परत सांगा. मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडात असं झालं नसतं. झालं, फक्त दुसऱ्या दिशेने झालं.

इथे स्पायनल सेंटर, म्हणजे मणक्याच्या इजेची खास रुग्णालयं, आहेत, ती परंपराच आहे. स्टोक मँडव्हिलला १९४४ मध्ये डॉ. गुटमन यांनी सुरुवात केली तिथून पुढे, एकदा तुम्ही स्पायनल पेशंट झालात की जन्मभर तपासणीला बोलावतात. मूत्रपिंडाची सोनोग्राफी, चामडी, खांदे, सगळं विचारतात. पण माझ्या एवढ्या वर्षांत पाळीचं कोणी विचारलं नाही. एकदाही नाही. मणक्याच्या पेशंटमध्ये चार-पाच जणांत एक बाई असते, सगळं पुरुषांना धरून बसवलेलं आहे. मला झोप येईना, घाम येई, लघवीचं इन्फेक्शन परत परत होई, तर घरच्या डॉक्टरने तीनदा अँटिबायोटिक दिलं. कारण व्हीलचेअरवरच्या बाईला घाम म्हणजे इन्फेक्शनच. दीड वर्ष गेलं त्यात. मग मीच म्हणलं, माझं वय बघा हो एकदा. इस्ट्रोजेन, बाईचं हार्मोन, कमी झालं की तिथली त्वचा पातळ कोरडी होते आणि त्यानेच इन्फेक्शन वाढतात, योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम सुरू केल्यावर माझी इन्फेक्शन्स खरंच कमी झाली. हे दीड वर्ष आधी होऊ शकलं असतं.

मग एचआरटीचा, म्हणजे कमी झालेली हार्मोन्स औषधाने द्यायच्या उपचाराचा, घोळ. एक डॉक्टर म्हणाली गोळी घ्या. स्पायनलची नर्स म्हणाली गोळीने रक्ताची गाठ व्हायची शक्यता वाढते आणि तुझे पाय आधीच हलत नाहीत, थांब. मेनोपॉजवाली डॉक्टर म्हणाली पॅच, कातडीवर चिकटवायची हार्मोनची पट्टी, लाव, कातडीतून गेलं की तो धोका तसा वाढत नाही. तिघी चांगल्या होत्या, पण तिघी कधी एकमेकींशी बोलल्या नाहीत, निरोप्या मीच. आणि पॅच कुठे लावायचा? कागदावर लिहिलंय कमरेखाली, ढुंगणावर. अहो मी दिवसाचे चौदा तास त्याच्यावर बसते! पोटावर लावला तर चामडीला कळत नाही, खाली पुरळ उठलं तरी पत्ता नाही. मी रोज रात्री दांड्याचा आरसा घेऊन बेडसोरसाठी पाठ बघते, आता पॅचची चौकोनी जागाही बघते, आज उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे. हाडांचं तर काय सांगू, पायांची हाडं अपघातानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच पोकळ व्हायला लागतात, गुडघ्याजवळ सगळ्यात जास्त, त्यावर आता मेनोपॉज. खुर्चीतून पलंगावर जाताना पाय जरा मुरगळला तरी मोडू शकतो.

तरीही इकडची एक गोष्ट मला मनापासून पटते आणि ती घरी सांगावीशी वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या समानता आयोगाने स्पष्ट केलं की मेनोपॉजचा त्रास जर दीर्घकाळ असेल आणि रोजची कामं करण्यावर त्याचा मोठा परिणाम होत असेल तर २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टखाली ते अपंगत्व धरता येतं, आणि मग मालकाला सोयी द्याव्याच लागतात. पंखा, कामाची वेळ बदलणं, घरून काम. इथल्याही बऱ्याच बायका चिडल्या, आम्हाला अपंग म्हणू नका म्हणाल्या, अगदी आमच्या वहिनीसारख्याच. आणि इथलं सरकारही काही सगळं देत नाही, मेनोपॉजची वेगळी रजा प्रयोग म्हणून देऊन बघा असं संसदेच्या समितीने सुचवलं होतं ते जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी नाकारलंच. पण कायद्यात त्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे की तुला अडतंय, तर अडचण दूर करायची जबाबदारी तुझी एकटीची नाही. त्यात शिक्का नाही, टक्के नाहीत. आपल्याकडे अपंगत्व म्हटलं की सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट, ४० टक्क्यांच्या वर की खाली, बसचा पास. त्यामुळे कोणाला तो शब्द नकोसा वाटतो ते मला समजतं. पण शब्द नको म्हणून सोयही नको, हे नाही समजत.

आणि कायदा आपल्याकडे नाही असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २५ मध्ये चक्क लिहिलंय की सरकारने लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवा, विशेषतः अपंग बाईसाठी, यासाठी योजना कराव्यात. ते कुठे दिसतं? मला नागपुरात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे वर-खाली होणारं तपासणीचं टेबल अजून मिळालेलं नाही. चार जण उचलून ठेवतात, प्रेमाने ठेवतात, ताई घाबरू नका म्हणतात, पण मला त्या चार जणांसमोर कपडे काढायचे असतात ना.

अजून एक सांगायचंय, जड आहे. मी तिशीत असताना, अपघातानंतर वर्षभरात, एका ओळखीच्या काकूंनी आईला सुचवलं, "आता हिची पिशवी काढूनच टाका ना, पाळीची कटकट नको, कोण करणार तिचं." चांगल्या मनाने. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनला काढली होती, तेव्हाही कारण हेच दिलं होतं, पाळीची स्वच्छता. आईने काकूंना चहा दिला आणि त्या गेल्यावर मला म्हणाली, "तुझी पाळी तुझी आहे, ती जाईल तेव्हा जाईल." म्हणून ती आत्ता, तिच्या वेळेने, जाते आहे. मला त्याचं मोल आहे. त्रास होतो म्हणून मी रडते सुद्धा, पण ती माझ्या अंगाने पूर्ण केलेली गोष्ट आहे.

घरी काय जास्त आणि इकडे काय जास्त हा हिशोब मला कधी जमत नाही. इकडे एजन्सीची बाई सकाळी पंचेचाळीस मिनिटं येते, हातमोजे घालून सगळं नीट करते, वहीत लिहिते, जाते. रात्री अडीचला चादर वर करून नळी बघणारी आई इकडे नाही. तिकडे आई आहे, पण आई ७६ ची आहे.

इकडे आम्ही एक कार्ड जवळ बाळगतो, डिसरिफ्लेक्सियाचं, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना दाखवायला. त्या रात्रीनंतर मी ते मराठीत लिहून काढलं. माझं नेहमीचं बीपी इतकं, इतक्याच्या वर गेलं तर आधी सरळ बसवा, कपडे सैल करा, नळी बघा, लघवी बघा, पोट बघा, मग औषध. भावाने लॅमिनेट करून आणलं, आईने फ्रिजवर लावलं. शेजारच्या मावशी एक कॉपी घेऊन गेल्या, त्यांचा पुतण्या विहिरीचं काम करताना पडला होता, मानेला मार आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने ते कार्ड चष्मा लावून परत वाचलं आणि विचारलं, "यात तुझ्या पाळीचं काहून नाही लिहिलं? तो पोरगा तर त्याच्यातच फसला होता ना." मी खाली एक ओळ वाढवून पाठवली, बाई आहे, वय ४९, पाळी जाण्याच्या काळात आहे, घाम आला म्हणून घरी पाठवू नका, बीपी मोजा. तेच मग वहिनीलाही पाठवलं.