‘लेकरं विसरतात, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय’: असं कुणी सांगितलेलं नाही

मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराचा पुढं मनावर जवळपास परिणाम राहत नाही, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. लेकरू विसरतं. पोलीस-कोर्टानंच त्याचं वाटोळं होतं.’ घरातलं घरात मिटवणाऱ्यांना फार सोयीचा मजकूर. त्याच्या बाजूनं केले जाणारे दावे एकेक करून बघू.

‘सिद्ध झालंय.’ अभ्यास खरा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस रिंड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ५९ अभ्यास एकत्र करून तपासले, सगळे कॉलेज विद्यार्थ्यांवरचे. अत्याचार आणि पुढचे मानसिक त्रास यांचा सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींशी किती जोडलेल्या, ते सांगणारा आकडा: ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०९ निघाला. लहान आहे, शून्य नाही. आणि मोजले कोण? कॉलेजपर्यंत टिकलेले. उद्या अशीच पाहणी आपल्या कॉलेजात केली, तर आईबाप ऊसतोडीला गेल्यावर शाळा सुटलेली आणि पंधराव्या वर्षी उजवून टाकलेली पोरगी त्यात सापडेल का?

आता त्या ०.०९ कडं जवळून बघा. हा आकडा अत्याचार झालेल्यांचा गट किती मोठा यावरही हलतो. अत्याचार झालेले आणि न झालेले निम्मे-निम्मे असतील आणि दोघांच्या सरासरीत ०.४ प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीपासून किती पसरलेत, ते सांगणारं माप) फरक असेल, तर सहसंबंध ०.२० येतो. फरक तेवढाच ठेवून अत्याचार झालेले शंभरात दहा धरले, की तोच आकडा ०.१२ वर उतरतो. त्रास कमी झालेला नसतो. शिवाय एकदाच कुणी अंगप्रदर्शन केलं ते आणि वर्षानुवर्षं घरातल्यानंच केलेला बलात्कार, दोन्ही एकाच सरासरीत.

‘त्रास घरच्या वातावरणाचा असतो.’ हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रिंड यांचा खरा युक्तिवाद तोच होता. त्याची कसोटी जुळ्यांवर लागते: घर एक, आईबाप एक, पण अत्याचार एकावरच. २००२ मध्ये छापलेल्या ऑस्ट्रेलियातल्या १,९९१ जोड्यांच्या अभ्यासात अशा जोड्यांमध्ये अत्याचार झालेल्या भावंडात नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न, दारूचं व्यसन यांचा धोका जास्तच दिसला. घराचा वाटा आहे, पण सगळा दोष घरावर ढकलता येत नाही.

‘सत्य कडू लागलं म्हणून अमेरिकेच्या संसदेनं या अभ्यासाचा निषेध केला.’ अमेरिकी प्रतिनिधिगृहानं १९९९ मध्ये ३५५ विरुद्ध ० मतांनी निषेध केला, खरंय. पण मतदानानं सहसंबंध बदलत नसतो. अभ्यासाला शास्त्रीय उत्तर २००१ मध्ये, तो ज्यात छापला होता त्याच नियतकालिकात छापून आलं. (‘अत्याचार झाला म्हणजे आयुष्य संपलं’ हेही तितकंच चूक. कित्येक जण सावरतात.)

‘मग तक्रार कशाला?’ नुकसान दिसलं नाही म्हणून कृत्य गैर ठरत नाही असं नव्हे, हे खुद्द रिंड यांनीच लिहून ठेवलंय. पॉक्सोतही (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा आपला कायदा) मुलाच्या मनावर किती परिणाम झाला यावर गुन्हा ठरत नाही. वय १८ च्या आत, एवढं पुरे. संमतीचा प्रश्नच येत नाही. माहीत असून न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पोलीस ठाण्याची भीती असेल तर: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, पोलीस गणवेशात नकोत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, एफआयआर नसला तरी होते. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. लेकराला तेच तेच विचारू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो.