पुण्याला फुटबॉल टीम हवीय? आधी शाल-नारळ आणा

तर तुम्हाला पुण्यात परत एक प्रोफेशनल फुटबॉल टीम आणायचीय. छान. अजिबात घाबरू नका, आपल्या शहराला याचा दांडगा अनुभव आहे, टीम आणायचा पण आणि घालवायचा पण. पुणे एफसी २०१५ ला गेली, भारत एफसी एक सीझन खेळून त्याच वर्षी गेली, डीएसके शिवाजीयन्स दोन सीझन टिकली, एफसी पुणे सिटीने २०१९ ला राम म्हटला. पाचवी आणायला काय लागतंय?

आधी मालक शोधा. फुटबॉलवेडा नको, तो ग्राउंड, अकादमी, कोचेसचे पगार असल्या भानगडी काढत बसतो. सोबत एक हिरो पाहिजेच, मागच्या वेळी हृतिक रोशन होता. मग फाईव्ह स्टारमध्ये जर्सी लाँच. मग एक परदेशी रिटायरमेंटला आलेला स्टार आणायचा. २०१४ ला आपण त्रेझेगे आणला होता, फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकलेला, त्याच्या पुढच्या वर्षी रोमानियाचा मुतू. पुण्यातल्या पोरांना खेळवायची घाई करू नका, ती कुठं पळून चाललीयेत.

मॅच बालेवाडीला ठेवा, वर्किंग डेला, संध्याकाळी. बाकीचं चांदणी चौकातलं ट्रॅफिक बघून घेईल.

मुलींच्या टीमचं कुणी विचारलं तर "टप्प्याटप्प्याने".

आता सगळ्यात महत्त्वाचं, एक भव्य कार्यक्रम घ्या. परवा आमच्या भागात झाला तसा. फुटबॉलला पुन्हा सुवर्णकाळ वगैरे असं काहीतरी फ्लेक्सवर होतं, फ्लेक्सवर बॉल कमी आणि चेहरे जास्त. वेळ सकाळी आठची द्यायची म्हणजे पोरं साडेसातलाच शिनगार्ड बांधून हजर. प्रमुख पाहुणे अकराच्या पुढे. तोवर पोरांना उन्हात दोन रांगांत उभं करायचं, हातात झेंडे द्यायचे, बॉल मात्र द्यायचा नाही, बॉल दिला की ती खेळायला लागतात आणि रांग मोडते. मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, स्टेजवर जे कोण बसलेत त्या प्रत्येकाला, आणि प्रत्येकाच्या नावाआधी 'कार्यसम्राट'. भाषणात मेस्सी मुंबईत येऊन गेल्याचं श्रेय वाटून घ्यायचं. माझा भाचा त्या रांगेत होता, त्याच्या शेजारच्या पोराला भोवळ आली, तर त्याला सावलीत नेताना निवेदक म्हणतो "कृपया रांगा सोडू नका, ड्रोन येतोय." शेवटी साहेबांनी चकचकीत बुटांनी एक किक मारली, बॉल कुठं गेला कुणी बघितलं नाही, फोटो आला, गाड्या निघाल्या. मॅच? वेळेअभावी रद्द. आणि खरी मजा नंतर. स्टेजचं सामान घेऊन टेम्पो थेट गोलसमोर घातलेले, मंडपाचे खांब पेनल्टी बॉक्समध्ये गाडलेले, ते खड्डे अजून तसेच, चाकांच्या चाऱ्या तशाच, आणि कोच पोरांना घेऊन गवतातून खिळे वेचतोय. प्रॅक्टिस बंद. आयोजकांना फोन केला तर "अहो, खेळासाठीच केलं ना सगळं?"

खेळासाठी!

आणि चुकून टीम चांगली खेळलीच तर गाशा गुंडाळायला घ्या. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दुसरी आली, दोन वर्षांत संपली. पुणे सिटी २०१७-१८ ला आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, सेमीफायनलला गेली, तिकडे बंगळुरूत छेत्रीने हॅटट्रिक मारली, आणि पुढच्याच सीझननंतर क्लब बंद. ती जागा हैदराबादने घेतली, त्यांनी २०२२ ला कप उचलला, आपण टीव्हीवर बघितला. नंतर ती टीम तिथूनही हलली, दिल्लीला.

एवढं होऊन तुम्हाला परत लोगो आणि मालकच हवाय? कोल्हापूरची एकही टीम आयएसएलमध्ये नाही, तरी पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम अशी मॅच असली की शाहू स्टेडियम फुल्ल. कारण तिथं पेठेपेठेतल्या तालमींनी पोरं घडवली, कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप खेळून आला. आणि आपण? लिव्हरपूलसाठी रात्री दीडला जागे, आपल्या डिस्ट्रिक्ट लीगची मॅच धोबीघाटच्या ग्राउंडवर असली की "ऊन फार आहे हो". टीम गेली तेव्हा एक स्टेटस टाकलं आणि विषय संपला. लाज वाटत नाही? आहे ते ग्राउंड लग्नाला, गरब्याला, सत्काराला भाड्याने देताना एकानेही तोंड उघडलं नाही. कुठली टीम येईल इथं, आणि आली तर खेळेल कुठं, त्या खड्ड्यात? जा, ज्यांनी मंडप टाकला त्यांना विचारा ग्राउंड कधी नीट करून देताय, लेखी घ्या. पण तुम्ही कसले विचारताय, तुम्ही तर स्टेजवर सेल्फी काढत होतात.